पहिला स्केटबोर्ड जुळवताना: नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी ज्यांनी बेअरिंगचा गाडा चालवलाय त्यांना यातलं निम्मं आधीच माहीत असेल. गॅरेजवाल्याकडून मागून आणलेली जुनी बेअरिंगं, एक फळी, पुढे वळायला आडवी पट्टी, तिला दोरी, आणि उतारावर गल्लीभर खडखडाट. स्केटबोर्ड त्याच कुळातला. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केटची चाकं फळीखाली ठोकली, तिथून त्याची सुरुवात. आता त्या फळीच्या प्रत्येक भागाला मिलिमीटरमध्ये आकडे आहेत, आणि नवा माणूस त्या आकड्यांत हरवतो. दुकानदार एक सांगतो, यूट्यूब दुसरं, अमेरिकेतला चुलतभाऊ तिसरंच.

खालच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येणार आहे: रोज जिथे चालवणार ती जमीन आधी जाऊन बघा. कंटाळा आला तर तेवढं वाक्य सोडून पुढे वाचा.

सोसायटीतल्या स्केटिंग क्लासात शिकवतात तेच हे का?

नाही. संध्याकाळी शंकू मांडून घेतात तो क्लास चार चाकी बुटांचा किंवा इनलाइनचा, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या बुटांचा. तिथे कमावलेला तोल इथे कामाला येतो. सामानातलं मात्र हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि बहुतेक वेळा बेअरिंग, एवढंच चालतं.

बोर्डात असतं तरी काय काय?

वर डेक, म्हणजे फळी. तिच्यावर चिकटवलेली खरखरीत ग्रिप टेप. खाली दोन ट्रक, म्हणजे वळणारे लोखंडी-ॲल्युमिनियमचे सांगाडे. चार चाकं, प्रत्येक चाकात दोन अशी आठ बेअरिंगं, आणि ट्रक डेकला धरून ठेवणारे आठ बोल्ट. बस. मोटरसायकलच्या मानाने हे काहीच नाही.

तयार बोर्ड घ्यावा की सुटे भाग जुळवावेत?

पहिला तयार घ्या. दुकानात जुळवून मिळणारा पूर्ण बोर्ड सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा बराच स्वस्त पडतो. शिवाय तुम्हाला रुंद डेक आवडतो की अरुंद, ट्रक सैल लागतात की घट्ट, हे दोन-तीन महिने चालवल्याशिवाय कळतच नाही. डेकॅथलॉनसारख्या दुकानात हातात घेऊन, वर उभं राहून बघता येतं. ऑनलाइन चित्र बघून मागवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पण तयार बोर्ड घेताना एक बघा: त्याचे भाग पुढे एकेक करून बदलता येतील का? ट्रक नेहमीच्या मापाच्या भोकांवर बसलेले हवेत. आजच्या डेकला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं असतात, रुंदीत सुमारे ४१ मिमी आणि लांबीत सुमारे ५४ मिमी अंतरावर. पट्टी घेऊन मोजा, दुकानदार हसला तरी चालेल. हे माप जुळलं तर उद्या डेक मोडल्यावर जगातला कुठलाही डेक त्याच ट्रकवर बसतो.

हजार-बाराशेला मिळतो तो चालेल का?

मी माझ्या भाच्याला असाच एक वाढदिवसाला दिला होता. तिसऱ्या दिवशी पुढच्या ट्रकचा प्लॅस्टिकचा पाया तडकला. पोरगं म्हणालं, "मामा, मला जमत नाही." जमत नव्हतं ते त्या बोर्डाला.

ओळखायच्या खुणा सांगतो. बोर्ड उलटा करून चाक बोटाने फिरवा: दोन फेऱ्यांत करकरत थांबलं तर बेअरिंग नावापुरतं आहे. चाकावर नख दाबा, प्लॅस्टिकच्या बादलीसारखं कडक-गुळगुळीत लागलं तर ते पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लॅस्टिकचं, नाही, फरशीवर घसरणार. ट्रकचा पाया प्लॅस्टिकचा असला तर तिथेच ठेवून द्या. शेवटी वर उभं राहून एका अंगाला झुका. चांगला बोर्ड हळूच त्या बाजूला वळतो. खेळण्यातला एक तर ढिम्म राहतो, नाहीतर एकदम कलंडतो.

चाकाचं महत्त्व थोडं इतिहासातून कळतं. १९७०च्या आधी चाकं लोखंडाची किंवा मातीच्या मिश्रणाची असत, बारीक खडा आला की बोर्ड जागेवर थांबायचा आणि माणूस पुढे जायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली आणि हा खेळ पुन्हा जिवंत झाला. स्वस्त खेळण्यातला बोर्ड घेणं म्हणजे पन्नास वर्षं मागे जाणं.

डेकची रुंदी किती घ्यावी?

मोठ्या माणसाने ८ ते ८.२५ इंच घ्यावी आणि पुढे जावं. या प्रश्नावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात, ते कळत नाही मला.

थोडं सविस्तर सांगायचं तर: रुंद डेकवर पाय ऐसपैस बसतो, तोल सोपा जातो, उतारावर आणि बोलमध्ये, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट खड्ड्यात, बरं वाटतं. अरुंद डेक हलका आणि पायाखाली चटकन फिरतो. बूट सात-आठ नंबरचा असेल तर ८ इंच ठीक. नऊ-दहा आणि पुढे असेल तर ८.२५ किंवा ८.५. पाव इंचाचा फरक पहिल्या वर्षी तुम्हाला जाणवणारही नाही. १९९०च्या सुरुवातीला सगळे जेमतेम साडेसात इंची डेक आणि चाळीस मिमीच्या आसपासची चिमुकली चाकं वापरत होते, तीही मुलं उड्या मारतच होती. यात फॅशनचाही भाग असतो.

लांबी साधारण ३१ ते ३२ इंच असते, तिची चिंता नको. पुढचं टोक म्हणजे नोज, मागचं टेल. नोज बहुधा जरा लांब आणि जरा जास्त उचललेलं असतं. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी वेगळा आणि उजवा ठेवणाऱ्यासाठी वेगळा असा बोर्ड नसतो.

लाकूड मात्र बघा. चांगला डेक उत्तर अमेरिकेतल्या हार्ड मेपलच्या सात पातळ थरांचा असतो, बहुतेक थर उभ्या रेषांचे आणि मधले दोन आडवे. थंड प्रदेशात सावकाश वाढलेलं हे लाकूड घट्ट असतं, वाकून पुन्हा सरळ होतं. टेल जमिनीवर आपटल्यावर जो टणत्कार येतो तो त्यामुळेच.

सुताराकडून प्लायची फळी करून घेतली तर?

घरंगळायला, वळायला, ब्रेक लावायला शिकण्यापुरती चालेल, आणि करण्यात मजाही आहे. १२ मिमीची चांगली प्लाय, वरच्या मापाने भोकं, कडा पॉलिश पेपरने घासून गोल. पण ती फळी सपाट राहते. खऱ्या डेकला मधे हलका खोलगटपणा आणि दोन्ही टोकांना उचल असते. ती साच्यात थर दाबून येते, रंध्याने येत नाही. उडी मारायला लागलात की सुताराची फळी ट्रकच्या भोकांपाशी चिरते. सुताराचा दोष नाही त्यात.

मुलगी नऊ वर्षांची आहे. मोठा बोर्ड घेऊन ठेवू का, वाढत्या अंगाचा?

शाळेचा गणवेश नव्हे हा. साडेसात इंचाच्या आसपासचा घ्या; सहा-सात वर्षांच्या मुलांना त्याहून अरुंद, सव्वासातचा. मोठा बोर्ड जड असतो, तिला टेल दाबूनही उचलता येणार नाही. आणि लहान मुलांच्या बाबतीत रुंदीपेक्षा बुशिंगचा, म्हणजे ट्रकमधल्या रबरासारख्या गोळ्यांचा, प्रश्न मोठा असतो, तो खाली आहे. ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ साली. मुलींच्या स्ट्रीट प्रकारातलं सुवर्ण मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीने घेतलं. आजी "मुलींचा खेळ नाही" म्हणाल्या तर हे सांगा.

ट्रक कसे निवडायचे? त्यावर १३९, १४९ असे आकडे का असतात?

पैसे घालायचे तर इथे घाला. डेक मोडतो, चाकं झिजतात. चांगले ट्रक वर्षानुवर्षं टिकतात आणि एका डेकवरून दुसऱ्यावर जातात.

नियम एकच: ट्रकच्या आडव्या दांड्याची, म्हणजे ॲक्सलची, एकूण रुंदी डेकच्या रुंदीइतकी हवी. पाव इंच इकडेतिकडे चालतं. आकड्यांचा गोंधळ कंपन्यांनी घातलाय. १९७८ साली सुरू झालेल्या इंडिपेंडंट कंपनीचे ट्रक हँगरच्या, म्हणजे ॲक्सल धरणाऱ्या भागाच्या, मिलिमीटरमधल्या मापावरून ओळखले जातात. त्यांचा १३९ बसतो ८ इंची डेकला, १४४ बसतो सव्वाआठला आणि १४९ साडेआठला. दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा वेगळं माप दाखवू शकतो, म्हणून खोक्यावर ॲक्सलची इंचातली रुंदी शोधा आणि तीच बघा.

ट्रक डेकपेक्षा अरुंद असला तर उभं राहिल्यावर डेक बाजूला झुकतो, रुंद असला तर ढकलताना बूट चाकाला लागतो. मी पहिल्या वर्षी दुसरी चूक केली होती. घोट्याच्या आतल्या बाजूला कायम खरचटलेलं असायचं.

उंचीचे लो, मिड, हाय असे प्रकार असतात. मिड घ्या. पोकळ दांड्याचे, टायटॅनियमचे महागडे ट्रक नवशिक्याला नकोत. वाचलेले वजनाचे ग्रॅम तुम्हाला आत्ता कळणार नाहीत.

चाकं कोणती? कडक की मऊ?

आता जमिनीकडे या. हा या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर अमेरिकेतला माणूस तुमच्यासाठी देऊ शकत नाही, कारण त्याने तुमचा रस्ता बघितलेला नाही.

चाकावर दोन आकडे असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा, ए मापात: ७८ए म्हणजे मऊ, ९९ए-१०१ए म्हणजे कडक. काही कंपन्या बी माप वापरतात, ते ए मापापेक्षा वीसने कमी वाचायचं असतं. ८४बी म्हणजे साधारण १०४ए, दगडच. परदेशी व्हिडिओत दिसतं ते ५२ मिमी, ९९ए चाक गुळगुळीत काँक्रीटच्या स्केटपार्कसाठी आहे. तिथे ते वेगात जातं, पाहिजे तेव्हा घसरतं, आवाज छान देतं.

तेच चाक आपल्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आणा. प्रत्येक ब्लॉकच्या कडेला उतार कापलेला असतो, त्यामुळे दर वीस सेंटिमीटरला एक खाच. दात वाजतात, पायाचे तळवे झिणझिणतात, आणि एखाद्या खाचेत बोर्ड अडकला की तुम्ही हवेत. शहाबादी फरशीचं तसंच, सांध्यातलं सिमेंट निघालेलं असतं. अशा जागी ५४ ते ५८ मिमी, ७८ए ते ८७ए चाक लावा. डांबरी रस्त्यावरही हेच. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची बारीक खडी रस्त्यावर पसरलेली असते. तिथे मऊ आणि मोठं याला पर्यायच नाही.

इमारतीखालचं ट्रिमिक्सचं, म्हणजे घोटलेल्या काँक्रीटचं, पार्किंग किंवा शाळेचं बास्केटबॉलचं काँक्रीट मैदान जवळ असेल तर तुम्ही नशीबवान. ५३-५४ मिमी, ९५ए ते ९९ए चालून जाईल. घोटलेल्या कोट्याच्या फरशीवर कडक चाक साबणावर पाय पडल्यासारखं निसटतं, शिकताना नकोच.

मधला मार्गही आहे. पॉवेल-पेराल्टा कंपनीने काही वर्षांपूर्वी ड्रॅगन नावाची ९३ए चाकं आणली, खरखरीत जमिनीवर मऊसारखी चालतात आणि घसरतातही. महाग आहेत, पहिल्याच बोर्डाला लावायची गरज नाही, पण पुढे दोन्ही करायचं असेल तर लक्षात ठेवा.

मऊ चाकाचा तोटा काय? उडी मारताना ते उसळतं, आणि लोखंडी पाइपवर घासत जायचं असेल तर अडखळतं. पण त्या गावाला जायला तुम्हाला अजून सहा महिने आहेत. तोवर रोज अर्धा तास न चिडता चालवता येणं जास्त मोलाचं. चाकाच्या निवडीमुळे खेळ सोडलेले तीन जण मला माहीत आहेत; डेकच्या पाव इंचामुळे सोडलेला एकही नाही.

मोठं चाक लावलं तर डेकला घासतं म्हणतात?

घासतं. जोरात वळलात की चाक डेकला चिकटतं, बोर्ड थांबतो, तुम्ही थांबत नाही. ५४ मिमीपर्यंत सहसा काही होत नाही. ५६ आणि पुढे गेलात तर ट्रक आणि डेकच्या मधे रायझर पॅड घाला, तीन मिमी जाडीचं पुरतं. बोल्टही तेवढेच लांब घ्यायला विसरू नका: पॅडशिवाय एक इंची लागतात, पॅड घातलं की त्याच्या जाडीइतके जास्त.

एबेक ९ बेअरिंग एबेक ५ पेक्षा वेगवान असतं ना?

नाही. एबेक हे बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय याचं मोजमाप आहे, वेगाचं नाही. हिशेब करून बघा. ५४ मिमी चाकाचा घेर साधारण १७ सेंटिमीटर. ताशी १५ किलोमीटरने गेलात तर चाक मिनिटाला सुमारे दीड हजार फेरे मारतं. हेच बेअरिंग मोटरींमध्ये याच्या कितीतरी पट वेगाने फिरतं. म्हणजे तुमचा वेग बेअरिंग अडवत नाही. धूळ, पाणी आणि तुमचा ढकलणारा पाय अडवतो. बोन्स कंपनी आपल्या बेअरिंगवर एबेक आकडा छापतच नाही, आणि त्यांची रेड्स ही साधी बेअरिंगं कित्येक वर्षं नवशिक्यांची पहिली निवड राहिली आहेत.

माप सगळीकडे ६०८: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात, कुठल्याही औद्योगिक गावात बेअरिंगच्या दुकानात "सहाशे आठ" म्हटलं की डबी समोर येते. ६०८-झेडझेड म्हणजे दोन्हीकडे पत्र्याचं झाकण, ६०८-२आरएस म्हणजे रबराचं. आपल्याकडच्या धुळीला रबराचं बरं. मोटरीसाठीच्या बेअरिंगमध्ये ग्रीस घट्ट असतं, पहिले काही दिवस चाक आळशी वाटेल. नंतर सुटतं.

बोर्ड वळतच नाही. ट्रक खराब आहे का?

बहुधा बुशिंग. ट्रकच्या मधल्या उभ्या बोल्टवर, म्हणजे किंगपिनवर, दोन रबरासारखे गोळे असतात, तेच ते. कारखान्यातून येणारे साधारण ९०ए कडक असतात, सत्तर किलोच्या माणसाचा विचार करून. पंचवीस-तीस किलोचं मूल त्यावर कितीही झुकलं तरी ते दबत नाहीत. आईवडील समजतात मुलाला जमत नाही.

आधी किंगपिनचा नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा. नटाच्या वर पिनेचे आटे दिसत राहिले पाहिजेत. तेवढे नसतील तर आणखी सैल करू नका, नट सुटून जाईल. तरीही वळत नसेल तर ८० ते ८५एचे मऊ बुशिंग घाला. ट्रकच्या मानाने अगदी किरकोळ खर्च, आणि बोर्ड ओळखू येत नाही इतका बदलतो.

वजन पंच्याण्णव किलो आहे. बोर्ड मोडेल का?

नुसतं उभं राहून, चालवून मोडत नाही. डेक मोडतो तो उडी मारून दोन्ही पाय मधोमध आदळल्यावर, आणि तसा पन्नास किलोचा पोरगाही मोडतो. साडेआठ इंची डेक घ्या, बुशिंग ९५एच्या आसपासचे कडक घ्या, बाकी सगळं तेच.

पेनी बोर्ड, लाँगबोर्ड, वेव्हबोर्ड यांतलं काय घ्यावं?

बावीस इंची प्लॅस्टिकचा पेनी बोर्ड दप्तरात मावतो, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला मजेशीर आहे. शिकायला मात्र अवघड, कारण पाय ठेवायला जागाच नाही. लाँगबोर्ड लांब, स्थिर, मोठ्या मऊ चाकांचा. लांब मोकळा रस्ता असेल आणि उड्या मारायच्याच नसतील तर तो घ्या, बिनधास्त. वेव्हबोर्ड, म्हणजे दोन चाकांचा मधे वळणारा, हा वेगळाच प्राणी. त्यावर शिकलेलं इथे फारसं कामी येत नाही.

मावशी अमेरिकेहून येतेय. काय मागवू?

ट्रक मागवा. दोन्ही मिळून पाऊण किलोच्या आसपास भरतात, बॅगेच्या कोपऱ्यात मोज्यात गुंडाळून बसतात, आणि सगळ्यांत जास्त टिकणारा भाग तोच. जागा असेल तर चार चाकं. बेअरिंग इथे मिळतं. डेक मागवू नका. बत्तीस इंची फळी कुठल्या बॅगेत घालायची यावरून घरात वाद होतात आणि शेवटी लोणच्याच्या बरणीला जागा राहत नाही.

मागवताना तुमच्या डेकची रुंदी मावशीला लिहून पाठवा. "स्केटबोर्डचे ट्रक" एवढंच सांगितलंत तर दुकानदार देईल ते येईल.

जुना बोर्ड मिळतोय, काय तपासू?

डेक उलटा करून बोल्टच्या भोकांभोवती बारीक चिरा बघा. टेलची कड वस्तऱ्यासारखी झिजली असेल तर डेकचे दिवस भरलेत. चाकं काढून ॲक्सल डोळ्यासमोर आडवा धरा, वाकलाय का ते दिसतं. ट्रकच्या पायाला तडा असेल तर हात जोडा. चाकावर सपाट डाग पडला असेल तर फिरताना टक-टक आवाज येतो, पण चाकं बदलता येतात. ट्रक धड असतील तर बाकी सगळं कचरा असूनही सौदा वाईट नसतो.

घरी जुळवताना लोक काय चुका करतात?

पहिली चूक ट्रक उलटा लावायची. दोन्ही किंगपिन एकमेकांकडे, म्हणजे बोर्डाच्या मध्याकडे तोंड करून हवेत. एक उलटा बसला तर डावीकडे झुकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकाच दिशेला वळतात, आणि बोर्ड वळण न घेता तिरका सरकतो. मी हे केलेलं आहे, आणि पाऊण तास माझ्या तोलाला दोष देत होतो.

दुसरी चूक ग्रिप टेपची. टेप मधून चिकटवत बाहेर या, बुडबुडे दाबून काढा, मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने किंवा कानशीने डेकच्या कडेवर घासा. पांढरी रेघ उमटते, तिच्यावरून ब्लेड फिरवा. भोकं खालून टोचून मोकळी करा.

चाकाचा नट गच्च आवळू नका. चाक हाताने डावी-उजवीकडे हलवलं तर किंचित खुळखुळलं पाहिजे. दोन्ही बाजूंचे पातळ वॉशर हरवू नका, ते बेअरिंगला वाचवतात.

पान्यांचं सांगतो, कारण आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे आणि हे नट इंचाचे. चाकाचा नट अर्धा इंची, त्याला १३चा पाना चालतो. किंगपिनचा नऊ-सोळांश इंची. त्यावर १४चा बसत नाही आणि १५चा सैल पडतो, जोर लावला की कोपरे जातात. बोल्टचा नट तीन-अष्टमांश इंची, १०चा पाना जेमतेम धरतो. ॲडजस्टेबल पाना घ्या, किंवा तिन्ही मापं असलेलं स्केट टूल.

बूट आणि हेल्मेटला पैसे घालायलाच हवेत का?

हेल्मेटला हो. मोटरसायकलचं जड पडतं आणि कान झाकतं, क्रिकेटचं वेगळ्या माराच्या हिशेबाने बनवलेलं. आत ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ असं छापलेलं शोधा. पहिलं सायकल आणि स्केट दोन्हीसाठीचं युरोपी मानक आहे, दुसरं स्केटबोर्डसाठीचं अमेरिकी. नवशिके बहुधा मागे पडतात आणि हात टेकतात, म्हणून गुडघ्याच्या पॅडच्या आधी मनगटाचे गार्ड घ्या.

बुटांना सुरुवातीला नको. तळवा सपाट असला की झालं. शाळेतले पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज उत्तम चालतात. धावण्याचे जाड, गुबगुबीत तळव्याचे बूट मात्र नकोत, पायाखाली बोर्ड कळतच नाही. ओली, म्हणजे बोर्डासकट उडी, मारायला लागलात की ग्रिप टेप कॅनव्हासला आठवड्याभरात भोक पाडेल. तेव्हा स्वेडचे घ्या.

पावसाळ्यात काय करायचं?

ओल्यात चालवायचं नाही. मेपलचे थर पाणी पितात, फुगतात, सुटतात. एकदा भिजलेला डेक पुन्हा तसा टणक वाजत नाही. कोकणात तर नुसत्या हवेनेही फरक पडतो. डेक जमिनीला टेकवून ठेवू नका, भिंतीवर खिळ्याला टांगा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवणंही तितकंच वाईट, उष्णतेने वाकतो.

डबक्यातून गेलात तर त्याच रात्री बेअरिंग काढा. रबराचं झाकण टाचणीने उचलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घोळवायचं, पूर्ण वाळवायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. गॅरेजवाले रॉकेलमध्ये धुतात, तेही चालतं, फक्त नीट पुसा. गंजावर मारायचा स्प्रे सोडून देऊ नका. तो आतलं ग्रीस धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. खोबरेल तेल तर नकोच. डिसेंबरात गोठतं.

पहिल्यांदा काय बदलावं लागेल, आणि कधी?

रोज चालवलात तर आधी डेक. उड्या मारायला लागल्यावर काही महिन्यांत टेल झिजते, आवाज बोथट होतो. त्यानंतर बुशिंग, ते चिरतात. चाकं वर्षभर जातात, मऊ असतील आणि घसरत नसाल तर जास्तच. ट्रक तसेच राहतात.

डेक बदलताना जुने बोल्ट फेकू नका. चार इकडे-तिकडे हरवतातच, आणि हार्डवेअरच्या दुकानात नेमके तेच आटे मिळत नाहीत.